शेऱ्याचा रकाना

१२ जानेवारी

एकोणीस वर्षं मी या कंपनीसाठी डिझेल विकत घेतलं. खरेदी विभागातल्या माझ्या टेबलावरून किती टँकर गेले, हे कधी मोजलं नव्हतं. आज मोजलं. आमच्या डोंगरपट्ट्यात चौसष्ट मोबाइल टॉवर आहेत. तिथली वीज दिवसाचे सहा-सात तास जाते आणि तेवढा वेळ जनरेटर चालतो. महिन्याला अडतीस हजार लिटर. एक लिटर जळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला आणि कॅल्क्युलेटर पालथा ठेवला. इतकी वर्षं मी फक्त टँकर वेळेवर पोचला का, एवढंच बघत होते.

साहेबांनी आजपासून ऊर्जा बचतीचं काम माझ्याकडे दिलं. माझ्या हाताखाली एक सुपरवायझर आहे, ऑफिसात त्याला सगळे ‘होयबा’ म्हणतात. का ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

घरी आईला सांगितलं. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. म्हणाली, “आमच्याकडे पंखे यंत्रांना असायचे, बायका घामाघूम.” मी म्हटलं, अजून तसंच आहे. दोघी हसलो.

कामाच्या नोंदी ऑफिसच्या फायलीत होतीलच. तिथे जे लिहिता येत नाही ते इथे.

३ फेब्रुवारी

पाच दिवस डोंगरात होते. कंबर मोडली, पण डोकं ताजं झालं.

टॉवरखाली खोलीएवढी पत्र्याची केबिन असते, तिच्यात यंत्रं. ती तापू नयेत म्हणून एसी अखंड चालतो. निम्मी वीज फोनसाठी लागतच नाही, केबिन थंड ठेवण्यात जाते. बाहेर इतकी गार हवा असताना आत एसी! म्हणून माझी योजना अशी: भिंतीत एक पंखा आणि एक झडप. बाहेर गार असेल तेव्हा झडप उघडेल, पंखा हवा आत ओढेल, एसी बंद. बाहेर तापलं की झडप आपोआप मिटेल आणि एसी सुरू होईल. साधी गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

एक्केचाळीस नंबरच्या टॉवरचा रखवालदार लक्षात राहिला. छप्पन्न-सत्तावन्नचा असेल. त्याला ‘मास्तर’ म्हणतात, कारण त्याचं अक्षर. रोजची नोंदवही छापल्यासारखी: जनरेटर किती तास चालला, टाकीत पट्टी बुडवून डिझेल किती उरलं, आतलं तापमान आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यांनी चहा केला. पंख्याचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “इथे दुपारचा वारा खडकावरून येतो मॅडम. तो गरम असतो.”

मी सांगितलं, तेव्हा झडप मिटलेली असेल.

“आणि नाही मिटली तर?”

मला हसू आलं. “मिटेल हो, मास्तर.”

१६ मार्च

वीस टॉवरवर पंखे बसले. पुरवठादाराच्या माणसांनी नऊ दिवसांत काम उरकलं. शेवटी शेवटी जरा घाई झाली, पण वेळेत झालं.

होयबाने नोंदवह्यांसाठी नवा तक्ता केलाय. रखवालदाराच्या वहीतले आकडे तो दर आठवड्याला संगणकात भरतो आणि मला आलेख दिसतो. वही बघायची गरजच नाही.

त्याच उत्साहात घरीही एसीला टायमर लावला. आईच्या खोलीतला एसी दुपारी एक ते पाच बंद राहील. ती तेव्हा झोपलेलीच असते. आई म्हणाली, “तुला बरं वाटत असेल तर लाव.”

१० एप्रिल

एकोणीस टॉवरचं डिझेल पाव हिश्शाने कमी झालं! आलेख तीनदा उघडून पाहिला, खोटं कशाला लिहू. एकोणीस वर्षांत माझं म्हणावं असं काही या कंपनीत झालं नव्हतं.

विसावा मात्र उलटा निघाला. एक्केचाळीस नंबर. तिथलं डिझेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. तोच पंखा, तोच एसी. मग डिझेल जातं कुठे? होयबा खाली मान घालून म्हणाला की डोंगरात डिझेलला गिऱ्हाईक कमी नाही, ट्रॅक्टरवाले रोख देतात. मी विचारलं, मास्तरांबद्दल म्हणताय का? तर म्हणाला, मी कोणाचं नाव घेत नाही मॅडम, तुम्ही म्हणता तसंही असू शकतं.

केबिनच्या दाराला सेन्सर आहे. त्याची नोंद काढली. गेला आठवडाभर रोज दुपारी बाराच्या सुमारास दार उघडलंय आणि पाचच्या सुमारास पुन्हा. रोज. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

१८ एप्रिल

न सांगता एक्केचाळीसवर गेले, होयबाला घेऊन. दुपारचे दोन. वर पोचेपर्यंत बूट तापले होते.

जे दिसलं त्याने संतापच आला. माझ्या पंख्याच्या झडपेत मास्तरांनी गोणपाटाचं पोतं कोंबलं होतं, वर दोरी बांधलेली. लाखमोलाची योजना आणि तिच्या तोंडात पोतं. मी फोटो काढला. म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता काढा. त्यांनी तोंड उघडलं, मी हात वर केला. अशा वेळी माणसं किती गोष्टी रचतात ते खरेदीत असताना पुष्कळ पाहिलंय.

ते म्हणाले, “मी लिहिलंय सगळं, मॅडम.”

मी म्हटलं, “आकडे मी पाहिलेत.”

त्यांनी पोतं काढलं, झटकलं, नीट घडी घातली आणि जनरेटरच्या मागे ठेवलं. घडी कशाला घालायची, हे मला कळलं नाही. उतरताना होयबा सारखा घाम पुसत होता.

२ मे

मास्तरांना कामावरून कमी करण्यात आलं. माझा अहवाल, पोत्याचा फोटो, दाराच्या नोंदी. साहेबांनी दहा मिनिटांत सही केली. ‘डिझेलच्या अपहारावरून’ असा कागद टॉवरच्या फाटकावर लावला, इतरांना जरब बसावी म्हणून. फाटक रस्त्यालगतच आहे. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती, हे कागदपत्रं चाळताना दिसलं. वाईट वाटलं. पण इतकी वर्षं असल्या गोष्टींकडे काणाडोळा करूनच आपण इथवर आलो ना?

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, “तो काय म्हणाला?”

“कोण?”

“तोच, ज्याला काढलं.”

मी म्हटलं, अशी माणसं काय म्हणणार. आई पाणी प्यायली आणि तिने विषय बदलला.

१९ मे

शेजारच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या आई हल्ली दुपारभर खाली जिन्याच्या पायरीवर बसलेल्या असतात, ओला पंचा डोक्यावर घेऊन. मला बरंच वाटलं. निवृत्तीनंतर ती फारच एकलकोंडी झाली होती. आता येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चार शब्द बोलते. घरचा विजेचा वापर सत्तर युनिटनी उतरला.

एक्केचाळीसवर नवा रखवालदार आहे. डिझेल अजून वाढतंच आहे. म्हणजे हाही त्यातलाच! साहेबांना सांगून तोही बदलून घेतला.

८ जुलै

हवा गार झाली तसा जीव थाऱ्यावर आला. एक्केचाळीसचं डिझेल जूनपासून धाडकन उतरलं, आता बाकीच्यांच्या बरोबरीने आहे. तिसरा माणूस प्रामाणिक दिसतो. शेवटी कठोर झाल्याचा उपयोग होतो.

वार्षिक अहवालात आमचं एक पान येणार आहे. वीस टॉवर, वर्षाला सत्त्याण्णव टन कार्बन कमी. त्यात ‘गळती रोखली’ या मथळ्याखाली चार ओळी एक्केचाळीसबद्दल. मीच लिहिल्या. सभेत साहेबांनी मला उभं केलं आणि टाळ्या झाल्या. मास्तरांची आठवण आली ती नेमकी त्याच वेळी, टाळ्या चालू असताना.

२७ ऑगस्ट

एक्केचाळीस तीन तास बंद पडला. आत ओल शिरून यंत्र बिघडलं. एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक वर गेला होता, त्याने तिथूनच फोन केला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

“मॅडम, झडप मिटतच नाहीये. बसवतानाच दांडा उलटा लागलाय. मार्चपासून ही उघडीच असणार. उन्हाळ्यात सगळी झळ आत आली असेल, एसी बिचारा दिवसभर रडला असेल.”

मी विचारलं, मग डिझेल?

“डिझेल लागणारच की. दुप्पट लागलं नाही हेच नवल.”

फोन ठेवला आणि उद्या सकाळसाठी गाडी सांगितली.

२८ ऑगस्ट

सकाळीच वर गेले, एकटी. केबिनमध्ये लोखंडी कपाटावर मास्तरांच्या जुन्या वह्या होत्या. मार्च-एप्रिलची काढली. शेऱ्याचा रकाना वाचला. होयबाच्या तक्त्यात हा रकानाच नाही, तिथे फक्त आकडे भरता येतात.

२१ मार्च. नवीन पंख्याची झडप मिटत नाही. सुपरवायझरना फोन केला.
२५ मार्च. पुन्हा फोन केला.
२९ मार्च. झडप तशीच. दुपारी आत ३९ अंश. एसी थांबत नाही.
३ एप्रिल. बारा ते पाच झडपेत पोतं लावून पाहिलं. एसी मधून मधून थांबला. डिझेल चार लिटर कमी.
४ एप्रिल. पोतं. चार लिटर कमी.

असं रोज, अठरा तारखेपर्यंत.

१८ एप्रिल. मॅडम आल्या. पोतं काढायला सांगितलं. काढलं.
१९ एप्रिल. डिझेल पाच लिटर जास्त.

त्या डोंगरावर डिझेल वाचवणारा एकच माणूस होता आणि त्याला मी हाकललं. दार रोज दोनदा उघडायचं ते दुपारी आत-बाहेरून पोतं बसवायला आणि संध्याकाळी काढायला, गार हवा आत यावी म्हणून. माझी योजना तो माणूस हाताने चालवत होता.

२९ ऑगस्ट

होयबाला समोर बसवलं. फोन आले होते का? आले होते. मग मला का नाही सांगितलंत?

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, “मॅडम, पंखा तुमचा होता.”

ओरडायला तोंडच नव्हतं.

९ सप्टेंबर

साहेबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली, चष्मा काढला. वाईट झालं म्हणाले, खरंच वाटलं असावं. मग म्हणाले की अहवाल छापून झालाय, पाहिजे तर त्यांना दुसऱ्या टॉवरवर घेऊ, फार खोदत बसू नका. कायदा विभागातल्या गृहस्थांनी तर हातच वर केले: कंपनीच्या नावाने एक ओळही लिहून द्यायची नाही, उद्या तीच कोर्टात येईल.

झडप दुरुस्त झाली. एक्केचाळीस आता चौसष्टांत सगळ्यात कमी डिझेल खातो. खडकाच्या सावलीमुळे पहाटेची हवा तिथे सगळ्यात गार असते. योजना बरोबर होती. तेच जास्त टोचतं. चुकीची असती तर सगळंच एकदम टाकून देता आलं असतं.

३० सप्टेंबर

जायला हवं, हे रोज लिहिते आणि पान उलटते. आज डोकं दुखत होतं. परवा गाडी नव्हती. गेल्या आठवड्यात आईला खोकला होता. कारणं मला छान सुचतात.

आई हल्ली जिन्यात बसत नाही. गप्पांचा कंटाळा आला असेल.

११ ऑक्टोबर

गेले.

मास्तरांचं घर टॉवरपासून तीन किलोमीटरवर, दोन खोल्यांचं. त्यांच्या पत्नी दारात होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा मिटला, तरी म्हणाल्या, “बसा ताई, ते येतील.” पाणी दिलं. मास्तर हल्ली लाकडाच्या वखारीत ओंडके उतरवायला जातात. त्या वयात. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, ते कुठे आहेत एवढंच सांगितलं. फाटकावरचा कागद लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवला होता. तो लेकीच्या सासरी पोचला. जावयाने फोन करून विचारलं, खरं आहे का? त्यानंतर लेक माहेरी आलेली नाही.

मास्तर आले. बाहेर हातपाय धुतले, सदरा बदलला, मग समोर बसले. बोटांना फडकी गुंडाळलेली होती. मी सगळं सांगितलं: झडप, उलटा दांडा, वही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाले,

“हे मला माहीत होतं मॅडम. तुम्हाला आता कळलं.”

मग थोड्या वेळाने, “एकदा विचारलं असतंत, तर दोन मिनिटांचं काम होतं.”

मी नोकरीचं बोलले. दुसरा टॉवर, तोच पगार. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता टाकीत पट्टी बुडवताना मी प्रत्येक वेळी मागे वळून बघीन, कोण पाहतंय म्हणून. तसं काम नाही व्हायचं.

मग काय करू, असं मी विचारलं. त्यांना पहिल्यांदाच काही विचारत होते, हे बोलता बोलता लक्षात आलं.

“तेव्हा लिहून लावलं होतंत,” ते म्हणाले. “आताही लिहून द्या. लेकीला पाठवीन.”

१४ ऑक्टोबर

कायदा विभागाला न विचारता पत्र टाइप केलं. सात मसुदे झाले. शेवटचा असा: ‘सदर प्रकरणी चौकशीत काही त्रुटी राहून गेल्या असून त्यामुळे आपल्याबाबत गैरसमज निर्माण झाला, याबद्दल खेद वाटतो.’ वाचायला बरं वाटलं. खाली माझी सही.

१८ ऑक्टोबर

आज पत्र घेऊन गेले. मास्तरांनी खिडकीजवळ नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि शाळेत मुलाला वहीतली चूक दाखवावी तसं त्या ओळीखाली बोट ठेवलं.

“त्रुटी राहून गेल्या. कोणी ठेवल्या?”

त्यांनी बोट पुढे सरकवलं.

“गैरसमज निर्माण झाला. कोणाचा?” आवाज अजिबात चढला नव्हता. “हे वाचून माझी लेक म्हणेल, बाबांनी थोडं घेतलं असेल, थोडं नसेल. यात माणूसच नाही, मॅडम. सगळं आपलं आपण झालंय.”

त्यांनी कोरा कागद आणि पेन आणून दिलं. मी तिथेच, त्यांच्या पेटीवर कागद ठेवून लिहिलं. फार वेळ लागला नाही, आठच ओळी झाल्या. मी पंखा बसवला. तो बिघडलेला होता. मास्तरांनी तसं लिहून ठेवलं होतं, ते मी वाचलं नाही. ते सांगायला लागले, ते मी ऐकलं नाही. त्यांनी एक थेंबही डिझेल चोरलं नाही, उलट वाचवलं. मी त्यांना चोर ठरवलं. चूक माझी आहे. माझं पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

‘चूक माझी आहे’ लिहिताना अक्षर बिघडलं. एकोणीस वर्षं कंपनीची पत्रं लिहिली, त्यांत ‘मी’ कुठेच नव्हती.

मास्तरांच्या पत्नीला वाचता येत नाही. त्यांनी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं, एका सुरात, स्वल्पविरामाला थांबत. तिने पदर तोंडाशी नेला. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, “गाडी मिळेल ना परतीची? साडेपाचला शेवटची असते.” त्यांनी पुन्हा या म्हटलं नाही, मीही येते म्हणाले नाही.

३ नोव्हेंबर

पत्राची प्रत मी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. निकाल आज आला. पुढल्या महिन्यापासून मी पुन्हा खरेदी विभागात. उरलेल्या चव्वेचाळीस टॉवरचे पंखे दुसरं कोणी बसवेल. जाण्याआधी एक काम करून घेतलं: होयबाच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना घातला. तो म्हणाला, फार छान कल्पना आहे मॅडम. कोण वाचणार, ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, तरुण. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज. तिने माझं पूर्ण नाव उच्चारलं, पत्रात आहे तसं हुद्द्यासकट, आणि त्या तुम्हीच का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

“एक कागद आलाय माझ्याकडे. घरातले म्हणतात, बाबांचं अक्षर चांगलं आहे, त्यांनीच लिहिला असेल.” ती थांबली. “हे अक्षर तुमचंच आहे का?”

“माझंच आहे,” मी म्हटलं. “त्यांचं याहून पुष्कळ चांगलं आहे.”

फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीनकडे पाहिलं, तो चालू होता.

“जरा मोठ्याने सांगाल?” ती म्हणाली. “मी स्पीकर लावते. सगळे इथेच आहेत.”

मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.